कॉम्प्युटरवरचे घरचे व्हिडिओ टीव्हीवर लागत नाहीत, अडकतात, मधेच बंद पडतात: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

इथे गृहीत धरलंय की कॉम्प्युटरवर जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा सर्व्हर आहे, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला व्हिडिओ पुरवणारा प्रोग्रॅम.

आधी लक्षण ओळखा

- टीव्हीच्या यादीत कॉम्प्युटरचं नावच येत नाही. किंवा काल होतं, आज गायब आहे.
- टीव्ही चालू केल्यावर नाव दिसतं आणि चार-पाच मिनिटांत नाहीसं होतं.
- नाव दिसतं, पण फोल्डर रिकामं. जुने व्हिडिओ दिसतात, नवे टाकलेले दिसत नाहीत.
- फाइल दिसते, पण उघडल्यावर 'हा फॉरमॅट चालत नाही' असा संदेश येतो. काही फाइल लागतात, काही लागत नाहीत.
- चित्र येतं, आवाज येत नाही. किंवा आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडत जातो.
- दर अर्ध्या मिनिटाला थांबून गोल फिरतं.
- अर्धा तास छान चालतं आणि नेमकं तेवढ्यात बंद पडतं.
- हलणाऱ्या माणसाच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येतात, रंग पांढुरके दिसतात, किंवा चित्र आडवं पडलेलं असतं.

पहिली तीन लक्षणं बहुतेक वेळा नेटवर्कची किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंगची असतात. चौथं, पाचवं आणि शेवटचं फाइलचं असतं. मधली दोन सर्वांत जास्त फसवतात, कारण त्यांची कारणं एकाहून अधिक आहेत.

घरच्या व्हिडिओंचं एक वेगळेपण लक्षात ठेवा. सिनेमाच्या फाइली साधारण एकाच साच्यातल्या असतात. घरच्या फोल्डरमध्ये मात्र टेपवरून उतरवलेलं डीव्ही असतं, २००६ नंतरच्या हँडीकॅमचं एव्हीसीएचडी असतं, जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचं मोशन जेपेग असतं आणि आजच्या फोनचं एचईव्हीसीसुद्धा. ही सगळी व्हिडिओ साठवण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींची नावं. दर काही वर्षांनी घरातला कॅमेरा बदललेला असतो. म्हणून 'काही लागतात, काही नाही' ही तक्रार आली की राउटर बदलायला धावू नका. एकाच वाटेने येणाऱ्या दोन फाइलींपैकी एक लागत असेल तर वाट ठीक आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या फाइलींची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही. खाली जिथे जिथे फाइल बदलण्याचा विषय येईल तिथे काम कॉपीवर करा. मूळ फाइल पुसू नका, तिचं नाव बदलू नका, तिच्यावर दुसरी फाइल लिहू नका.

दोन चाचण्या, ज्या निम्मं काम करतात

पहिली: न लागणारी फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह सरळ टीव्हीला लावा. फाइल तिथेही लागत नसेल तर टीव्हीला ती वाचताच येत नाही, नेटवर्कचा संबंध नाही. पेनड्राइव्हवरून सुरळीत चालली तर टीव्ही आणि फाइल दोन्ही ठीक आहेत आणि दोष कॉम्प्युटर किंवा वाटेतला आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसणार नाही, त्यासाठी तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. तसं असेल तर त्याच कॅमेऱ्याची छोटी फाइल घेऊन बघा.

दुसरी: त्याच वायफायवर असलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये कॉम्प्युटरचा पत्ता टाका. जेलीफिन असेल तर पत्त्यापुढे अपूर्णविराम (:) आणि ८०९६, प्लेक्स असेल तर ३२४०० आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'वेब'. कॉम्प्युटरचा पत्ता विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग या कमांडने कळतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. फोनवर पान उघडलं तर सर्व्हर चालू आहे, फायरवॉल मोकळी आहे आणि शोध टीव्हीच्या बाजूने घ्यायचा आहे. नाही उघडलं तर टीव्हीला हात लावण्यात अर्थ नाही.

या दोन उत्तरांशिवाय पुढे जाणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

१. खरोखर बंद करून चालू करा

रिमोटने बंद केलेला टीव्ही झोपलेला असतो, बंद नसतो. त्याच्या मेमरीत सर्व्हरची जुनी यादी तशीच राहते. प्लग काढा, एक मिनिट थांबा. क्रम असा ठेवा: आधी राउटर, तो पूर्ण चालू झाल्यावर कॉम्प्युटर, शेवटी टीव्ही. याचं कारण म्हणजे टीव्ही चालू होताना नेटवर्कवर 'कोण आहे?' असं विचारतो. त्या वेळी उत्तर द्यायला कॉम्प्युटर जागा हवा.

२. दोघे एकाच नेटवर्कवर आहेत का

दोन्हींचे पत्ते शेजारी लिहून बघा. कॉम्प्युटर १९२.१६८.१.५ आणि टीव्ही १९२.१६८.०.१२ असेल, म्हणजे तिसरा आकडाच वेगळा असेल, तर बहुतेक घरांत त्याचा अर्थ एकच: कंपनीने दिलेल्या राउटरला दुसरा राउटर जोडलेला आहे आणि दोघेही स्वतंत्र नेटवर्क चालवत आहेत. दुसऱ्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न चालवता फक्त वायफाय पुरवेल.

आकडा सारखा असूनही दिसत नसेल तर टीव्ही 'गेस्ट' वायफायवर नाही ना ते बघा. गेस्ट नेटवर्कचं कामच पाहुण्यांची उपकरणं बाकीच्यांपासून वेगळी ठेवण्याचं आहे. काही राउटरमध्ये मुख्य वायफायवरही 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू असतं. ते बंद करा.

कॉम्प्युटरवर व्हीपीएन चालू असेल तर ते थांबवून बघा. बरेच व्हीपीएन घरातल्या नेटवर्कशी बोलणंही अडवतात.

३. कॉम्प्युटर झोपतोय

'अर्ध्या तासाने बंद पडतं' याचं हे पहिलं कारण. माऊस-कीबोर्डला कोणी हात लावत नाही म्हणून कॉम्प्युटरला वाटतं काम संपलं. पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' हे 'नेव्हर' करा, स्क्रीन बंद व्हायला हरकत नाही. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काय करायचं हे सेटिंग वेगळं आहे, तेही 'डू नथिंग' करा. बाहेरची हार्ड डिस्क असेल तर तीही स्वतंत्रपणे झोपते: विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

झाकण मिटून तासन्‌तास चालवायचा असेल तर लॅपटॉप गादीवर ठेवू नका. हवा अडली की प्रोसेसर तापतो, स्वतःचा वेग कमी करतो, आणि अडकण्याचं नवंच कारण तयार होतं.

४. विंडोजने घरालाच बाहेरचं नेटवर्क मानलंय

परत परत येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात वर आहे. राउटर बदलला किंवा वायफायचं नाव बदललं की विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजतं, आणि नव्या नेटवर्कला सहसा 'पब्लिक' धरतं. पब्लिक म्हणजे रेल्वे स्टेशनवरचं वायफाय. तिथे कॉम्प्युटर स्वतःला लपवतो. म्हणून काल दिसणारा कॉम्प्युटर आज टीव्हीला दिसत नाही. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, जोडलेल्या नेटवर्कचं प्रॉपर्टीज, आणि तिथे 'प्रायव्हेट' निवडा.

त्यानंतर फायरवॉल. 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप' या यादीत तुमच्या सर्व्हरसमोर 'प्रायव्हेट'च्या चौकटीत खूण हवी. फायरवॉल पूर्ण बंद करून चालू ठेवणं हा उपाय नाही. दोन मिनिटं बंद करून दोष तिथेच आहे का एवढं पाहा आणि लगेच परत चालू करा. वेगळं अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते, ती विसरली जाते.

५. सर्व्हरचा पत्ता बदलतो, किंवा टीव्ही शोधतो ती भाषाच बंद आहे

राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता उसना देतो. टीव्हीच्या अ‍ॅपमध्ये तुम्ही पत्ता हाताने टाकला असेल आणि राउटरने कॉम्प्युटरला दुसरा दिला, की जोडणी तुटते. राउटरच्या पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. दर महिन्या-दोन महिन्यांनी उगवणारी तक्रार यानेच संपते.

टीव्हीच्या 'सोर्स' यादीत आपोआप नाव येणं हे डीएलएनएचं काम, म्हणजे टीव्ही आणि सर्व्हर ज्या भाषेत एकमेकांना शोधतात तिचं. जेलीफिनमध्ये २०२४ च्या १०.९ आवृत्तीपासून डीएलएनए मूळ प्रोग्रॅममधून काढून प्लगइन केलं आहे. त्यामुळे अपडेटनंतर टीव्हीला सर्व्हर दिसेनासा झाला तर डॅशबोर्डमधल्या प्लगइन यादीतून ते टाका आणि सर्व्हर पुन्हा चालू करा. टीव्हीवर सर्व्हरचं स्वतःचं अ‍ॅप मिळत असेल तर डीएलएनएचा नादच सोडलेला बरा. अ‍ॅपला टीव्हीची क्षमता ठाऊक असते आणि ते सर्व्हरला ती सांगतं. डीएलएनएमध्ये यातलं बरंच अंदाजाने चालतं.

६. फोल्डर रिकामं

लायब्ररी बनवताना प्रकार कोणता निवडला? 'मूव्हीज' निवडलं तर सर्व्हर तुमच्या 'वाढदिवस' नावाच्या फाइलला इंटरनेटवर सिनेमा म्हणून शोधतो आणि भलतंच पोस्टर लावतो. जेलीफिनमध्ये घरच्या व्हिडिओंसाठी 'होम व्हिडिओज अँड फोटोज' आणि प्लेक्समध्ये 'अदर व्हिडिओज' हा प्रकार आहे.

फाइली वनड्राइव्हसारख्या क्लाउड फोल्डरमध्ये असतील तर चिन्ह नीट बघा. ढगाचं चिन्ह म्हणजे नाव इथे, फाइल दुसरीकडे. त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा.

लिनक्सवर जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या युजरने चालतं. तुमच्या होम फोल्डरमधली फाइल तुम्हाला दिसते म्हणून त्याला दिसेलच असं नाही. फाइल वाचण्याची परवानगी पुरत नाही, तिच्या वरच्या प्रत्येक फोल्डरमधून जाण्याची परवानगीही त्या युजरला लागते. विंडोजमध्ये सर्व्हर 'सर्व्हिस' म्हणून चालत असेल तर तुम्ही जोडलेली नेटवर्क ड्राइव्हची अक्षरं त्याला दिसत नाहीत. आणि बाहेरच्या डिस्कचं अक्षर दुसऱ्या पोर्टला लावल्यावर ई चं एफ झालं की संपूर्ण लायब्ररी रिकामी होते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला एक अक्षर कायमचं देऊन टाका.

७. अडकणं: आधी गणित, मग वायफाय

इंटरनेटचा स्पीड टेस्ट इथे काहीच सांगत नाही. व्हिडिओ घरातल्या घरात फिरतो. बाहेरची लाइन बंद असली तरी तो चालायला हवा. बघायचं ते हे: फाइल सेकंदाला किती मागते आणि वाट सेकंदाला किती देते.

फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये घ्या, ८ ने गुणा आणि लांबीच्या सेकंदांनी भागा. फोनवर ४के मध्ये एच.२६४ ने (एचईव्हीसीच्या आधीच्या पद्धतीने) घेतलेला ४ मिनिटांचा व्हिडिओ सुमारे १४०० एमबी भरतो. १४०० गुणिले ८ म्हणजे ११२००, भागिले २४०, म्हणजे जवळपास ४७ मेगाबिट प्रति सेकंद. हीच दृश्यं एचईव्हीसीमध्ये निम्म्या आकारात बसतात. टेपवरून उतरवलेलं डीव्ही तासाला सुमारे १३ जीबी घेतं, म्हणजे २९ मेगाबिट. चित्र बारकं दिसतं म्हणून फाइल हलकी असेल असं समजू नका. एव्हीसीएचडी २४ ते २८ पर्यंत जातं, तर डीव्हीडीवरचं साधारण १० च्या आत राहतं.

आता वाट. कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्ही वायफायवर असतील तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते: एकदा कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत, पुन्हा राउटरपासून टीव्हीपर्यंत. दोन्ही एकाच बँडवर (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) असतील तर एकच रस्ता दोघांत वाटला जातो आणि हाती निम्मा वेग लागतो. म्हणून सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडणं. टीव्ही वायफायवरच राहू द्या. लोक उलट करतात, आधी टीव्हीला केबल ओढतात, कारण अडकताना तिथे दिसतं. टीव्हीला केबल द्यायचीच असेल तर एक माहिती हवी: बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट फक्त १०० मेगाबिटचं असतं. घरच्या बहुतेक फाइलींना ते पुरतं आणि ते स्थिर असतं, पण मोठ्या बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला जास्त मागणाऱ्या, फाइलला ५ गिगाहर्ट्झ वायफाय अधिक वेग देऊ शकतं.

केबल शक्य नसेल तर दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर न्या. २.४ वर शेजारच्या सगळ्या घरांची गर्दी असते, मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. २.४ शिवाय गत्यंतर नसेल तर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा निवडा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

वाट मोकळी असूनही अडकत असेल तर व्हिडिओ चालू असताना सर्व्हरच्या डॅशबोर्डवर जा. चालू असलेल्या व्हिडिओखाली 'डायरेक्ट प्ले' लिहिलंय की 'ट्रान्सकोड', ते वाचा. ट्रान्सकोड म्हणजे टीव्हीला फाइल समजत नाही म्हणून कॉम्प्युटर ती जागच्या जागी दुसऱ्या रूपात बनवतोय, आणि त्याचं कारणही तिथेच दिलेलं असतं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्क्यांवर दिसला तर अडकण्याचं मूळ सापडलं. ग्राफिक्स चिपची मदत, म्हणजे 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन', चालू करा. इंटेलच्या चिपमध्ये क्विक सिंक २०११ पासून आहे, पण एचईव्हीसी उलगडण्याची पूर्ण सोय २०१५ च्या स्कायलेकपासून, आणि १०-बिट एचईव्हीसीची त्यापुढच्या केबी लेकपासून. त्याहून जुन्या यंत्राकडून ४के चं चालू रूपांतर अपेक्षू नका. त्यासाठी पुढचा मार्ग.

८. फाइलच टीव्हीला कळत नाही

मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्रॅम टाका आणि फाइल त्यावर ओढा. फाइलच्या नावातलं एव्हीआय, एमओव्ही किंवा एमपी४ हे फक्त डब्याचं नाव. आत काय आहे ते महत्त्वाचं. पाहायच्या ओळी चार: व्हिडिओचा फॉरमॅट, 'बिट डेप्थ', 'क्रोमा सबसॅम्पलिंग' आणि 'स्कॅन टाइप'.

डीव्ही आजचे टीव्ही क्वचितच वाचतात, मोशन जेपेग काही वाचतात, काही नाही. एच.२६४ असूनही लागत नसेल तर बिट डेप्थ १० किंवा क्रोमा ४:२:२ निघण्याची शक्यता मोठी. मिररलेस कॅमेरे असं रेकॉर्ड करतात आणि टीव्हीच्या चिपला ८-बिट, ४:२:० च हवं असतं. आवाज नसेल तर ऑडिओचा फॉरमॅट बघा: बऱ्याच कॅमेऱ्यांच्या फाइलींत पीसीएम (न दाबलेला आवाज) असतो, आणि काही टीव्ही तो वाचत नाहीत. आयफोन १२ पासूनचे व्हिडिओ मूळ सेटिंगला एचडीआर, म्हणजे उजेड-रंगांचा पल्ला जास्त असलेले, असतात. साध्या टीव्हीवर ते पांढुरके दिसतात, त्यासाठी सर्व्हरमध्ये 'टोन मॅपिंग' चालू करा.

रूपांतरासाठी हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. 'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) घ्या आणि त्यात हे बदल करा:

- क्वालिटी आरएफ १८ ते २०. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. मूळ पुन्हा कधीच चित्रित होणार नाही, तेव्हा जागा वाचवायचा मोह टाळा.
- 'वेब ऑप्टिमाइझ्ड' वर खूण. एमपी४ ची अनुक्रमणिका एरवी फाइलच्या शेवटी असते. या खुणेने ती सुरुवातीला येते आणि टीव्हीवर व्हिडिओ चटकन सुरू होतो.
- ऑडिओ एएसी.
- फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) 'सेम अ‍ॅज सोर्स'. आवाज मागे पडत जात असेल तर त्यासोबत 'कॉन्स्टंट' निवडा. फोन प्रकाशानुसार फ्रेमरेट कमी-जास्त करतो, आणि काही टीव्हींना ते सांभाळता येत नाही.

स्कॅन टाइप 'इंटरलेस्ड' असेल, म्हणजे टेप आणि बरेच जुने हँडीकॅम, तर फिल्टरमध्ये 'डीकॉम्ब' घेऊन त्याचा 'बॉब' प्रकार निवडा. इंटरलेस्ड व्हिडिओत एका फ्रेममध्ये दोन वेगळे क्षण विणलेले असतात, एक सम रेषांत आणि एक विषम रेषांत. पळणाऱ्या मुलाचा हात या दोन क्षणांत सरकलेला असतो, त्यातून ते कंगव्याचे दात उमटतात. बॉब प्रत्येक क्षणाची वेगळी फ्रेम करतो, २५ च्या ५० होतात, आणि हालचाल टेपवर होती तशी गुळगुळीत राहते. प्रीसेटची ३० ची मर्यादा तशीच राहिली तर हे सगळं वाया जातं, म्हणून फ्रेमरेटचं सेटिंग बदलायला सांगितलं. डीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६ चं असेल तर तेवढंच ठेवा, मोठं करून त्यात नवा तपशील येत नाही.

रूपांतरित फाइलवर आजची तारीख पडते. नावातच मूळ तारीख लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे टीव्हीवर क्रम आपोआप लागेल. जुन्या टीव्हीवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर कॉपीचं नाव रोमन अक्षरांत द्या.

फाइल कुठेच लागत नसेल, कॉम्प्युटरवरही नाही, तर रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली असावी. अनुक्रमणिका लिहायची राहून जाते. अनट्रंक हा प्रोग्रॅम त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना म्हणून घेऊन ती पुन्हा रचू शकतो.

९. चार मिनिटांत गायब होणारं नाव

वरचं सगळं ठीक असून फक्त हेच लक्षण उरलं तर राउटर किंवा स्विचमध्ये 'आयजीएमपी स्नूपिंग' बघा. डीएलएनएच्या हाका २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर जातात. स्नूपिंग चालू असलेला स्विच कोणाला त्या ऐकायच्या आहेत याची यादी ठेवतो. अधूनमधून विचारपूस करणारं कोणी नेटवर्कवर नसेल तर यादीची मुदत संपते, आणि हाका टीव्हीपर्यंत पोचत नाहीत. घरासाठी स्नूपिंग बंद करून बघा. पर्याय सापडत नसेल तर टीव्हीवर सर्व्हरचं अ‍ॅप टाकून त्यात राखीव पत्ता हाताने द्या, म्हणजे या हाकांची गरजच उरत नाही.

इथे थांबा

राउटर कंपनीचा आहे आणि सेटिंगची पानं बंद आहेत, तर पासवर्ड शोधत बसू नका. त्यांच्याकडूनच 'ब्रिज मोड' (तो फक्त इंटरनेट पुढे देतो, नेटवर्क तुमचा राउटर चालवतो) करून घ्या किंवा हवं ते सेटिंग उघडून घ्या. टीव्हीला सगळीच वायफाय नेटवर्कं दिसेनाशी झाली आणि फॅक्टरी रीसेटनेही फरक पडला नाही, तर आतला वायफाय मॉड्यूल गेला असण्याची शक्यता आहे. टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार शिल्लक राहतो. तोपर्यंत लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून व्हिडिओ बघता येतील. आवाज आला नाही तर कॉम्प्युटरच्या साउंड आउटपुटमध्ये टीव्ही निवडा.

आणि डिस्क. फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागत असेल, त्याच ठिकाणी दर वेळी अडकत असेल, डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम 'कॉशन' किंवा 'बॅड' दाखवत असेल, तर स्ट्रीमिंग बंद करून आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर कॉपीसुद्धा करू नका. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवू नका, डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्लग काढा आणि ती तशीच डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या. आतलं हेड निकामी झालं असेल तर चालू राहिलेल्या प्रत्येक मिनिटाला ते तबकडीवर चरे पाडत जातं, आणि चरा पडलेल्या जागचा व्हिडिओ कोणालाही परत आणता येत नाही.